बॅटमॅन आणि सुपरमॅन एका सिनेमात हवेतच कशाला?

घंटाळीकर

जुलै २०२५मध्ये नवा 'सुपरमॅन' लागला तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. वय वर्षं नऊ. पडद्यावर मेट्रोपोलिस शहर मधोमध उसवत चाललेलं, रस्ते फाटतायत, इमारती कलंडतायत, अख्खं थिएटर गप्प. आणि हा माझी बाही ओढून विचारतो, "मामा, हे लोक बॅटमॅनला फोन का नाही करत?" म्हटलं, गप बस, बघ. परतताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तर पुन्हा तेच. "त्याच्याकडे विमान आहे ना? मग?"

पोराचं काही चुकलं नाही. संकट आलं की झाडून सगळे जमतात, असलेच सिनेमे दाखवत आपण ही पोरं वाढवली. आता कुणी एकटा लढताना दिसला की त्यांना तो पराक्रम वाटतच नाही, बाकीच्यांचा निष्काळजीपणा वाटतो.

माझं मत: या दोघांना पुन्हा एका सिनेमात आणू नये. कारण पैसा-बिसा नाही, कारण गाव. बॅटमॅन म्हणजे गॉथम. रात्र, पाऊस, विकले गेलेले पोलीस, गच्चीवरून खाली बघणारा एक माणूस ज्याचे आईबाप याच शहराच्या एका गल्लीत मारले गेले. सुपरमॅन म्हणजे भर उन्हातलं मेट्रोपोलिस आणि वर्तमानपत्राची कचेरी. एकाच्या गोष्टीत दुसरा आला की एकाचं गाव तरी पुसलं जातं. आणि उडणाऱ्या माणसाशेजारी बॅटमॅन उभा केला की उरतं काय? २०१७च्या 'जस्टिस लीग'मध्ये फ्लॅश त्याला विचारतो, तुझी शक्ती नक्की कोणती? तो सांगतो, मी श्रीमंत आहे. लोक हसले. मला त्या माणसाची दया आली.

ठाण्या-नवी मुंबईतल्या मंडळींनो, बोला.

कोपरी_पूर्व

घंटाळीकर, आदर ठेवून सांगतो, उलटं आहे. ही माणसं एकत्र येण्यासाठीच वाढली. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा, आणि १९४०मध्ये कॉमिकवाल्यांनी आपल्याकडच्या नायकांचं 'जस्टिस सोसायटी' नावाचं मंडळ काढलंसुद्धा. तुमचे हे दोघे १९५२च्या एका गोष्टीत समोरासमोर येतात, तीही कशी? क्लार्क केंट आणि ब्रूस वेन एका बोटीवर प्रवासी, जागा कमी म्हणून दोघांना एकच केबिन. संकट आलं, दिवे मालवून दोघेही घाईघाईत कपडे बदलायला लागले आणि बाहेरून उजेडाचा झोत आला. भांडं फुटलं! यात कुठलं गाव पुसलं गेलं? बोटीवर तर दोघंही परगावचेच.

आणि भाच्याला सांगा, २०१२च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमात न्यूयॉर्कवर परग्रहवासी उतरले तेव्हा त्याच शहरातला स्पायडरमॅन कुठे होता ते आम्ही कोणी विचारलं नाही. तो दुसऱ्या कंपनीकडे होता. सिनेमा रंगला की असले प्रश्न सुचत नाहीत.

शुद्धलेखन_पाचपाखाडी

कापड उसवतं. शहर दुभंगतं.

घंटाळीकर

तुम्ही तो प्रसंग बघा हो. उसवतंच.

ट्रान्सहार्बर

गाव आणि बोट करत बसलात, हिशेब कोण मांडणार? 'अ‍ॅव्हेंजर्स'वाल्या मार्व्हल कंपनीनं स्पायडरमॅन सोनीला दिलेला, एक्स-मेन फॉक्सला दिलेले. १९९६मध्ये कंपनी दिवाळखोरीतही जाऊन आली. घरात उरले कोण, तर आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका. आपल्याकडे २००८च्या आधी ही नावं किती जणांना ठाऊक होती, छातीवर हात ठेवून सांगा. म्हणजे दुनियेला वेड लावणारी ही पंगत मांडली ती उरल्यासुरल्या भाज्यांवर. पण घाई केली नाही. २०१२च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'आधी पाच सिनेमे काढले: आयर्न मॅनचे दोन, हल्क, थॉर आणि कॅप्टन अमेरिकेचा एकेक.

दुसऱ्या बाजूनं, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या डीसीनं, २०१३ला सुपरमॅनचा एक सिनेमा काढला आणि २०१६ला थेट दोघांची कुस्ती. फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन, सायबॉर्ग या तिघांची ओळख कशी करून दिली आठवतं? ईमेलला जोडलेल्या व्हिडिओंतून! वंडर वुमन लॅपटॉप उघडून एकेकाची फीत बघते. वधू-वर सूचक मंडळातून बायोडेटा आल्यासारखं. पुढच्याच वर्षी बोहल्यावर उभे.

एकत्र यावं की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी चार भेटीगाठी झाल्यात का, ते विचारा.

मार्था_माझीपण

२०१६चा बघितला होता. अडीच तास एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं, आणि दोघांच्या आईचं नाव एकच निघालं म्हणून भांडण मिटलं. आमच्या सोसायटीत तीन सुनीता आहेत. पार्किंगचं भांडण सहा वर्षं चालू आहे.

नौपाड्यातली_नाट्यवेडी

सिनेमावाले असे बोलतायत जणू हे सगळं अमेरिकेत जन्मलं. अहो, आपण हा प्रयोग १९२१मध्येच करून बसलोय. एकीकडे बालगंधर्व, दुसरीकडे 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले. दोन कंपन्या, दोन गाणी, दोन्हीकडे जिवाला जीव देणारे चाहते. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एकत्र आले आणि ८ जुलै १९२१ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. शंभर वर्षं झाली, त्या रात्रीची गोष्ट अजून सांगतात. माझी आजी तिच्या वडिलांकडून ऐकलेली सांगायची, आणि सांगताना नकळत सावरून बसायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस.

त्या रात्रीआधी कोणी म्हणालं असतं की "एकाच्या शेजारी दुसरा उभा केला की एक छोटा दिसतो, नको ते", तर आपण काय गमावलं असतं? घंटाळीकर, भीती बाळगून रसिकता होत नसते.

घंटाळीकर

ताई, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, फक्त तुम्ही मांडलंत.

'मानापमान' खाडिलकरांनी लिहिलं आणि रंगभूमीवर आलं १९११मध्ये. म्हणजे संयुक्त प्रयोगाच्या वेळी नाटक दहा वर्षं मुरलेलं होतं. धैर्यधर आणि भामिनी या दोन पूर्ण भूमिका आधीपासून होत्या. दोन मोठी माणसं आहेत म्हणून कोणी त्यांच्यासाठी नाटक जुळवलं नाही, याला तीन पदं दिली तर त्यालाही तीन, अशी मोजदाद करत प्रवेश लिहिले नाहीत. गोष्ट आधी, माणसं नंतर आली. या सिनेमांत माणसं आधी ठरतात, पोस्टर ठरतं, तारीख ठरते, मग सगळ्यांना एकदम काहीतरी करायला मिळावं म्हणून आभाळाला भोक पाडतात. दर वेळी आभाळालाच! कारण दहा जणांना पुरेल एवढं संकट जमिनीवर मिळत नाही.

नौपाड्यातली_नाट्यवेडी

आभाळाच्या भोकाचं मान्य. बाकीचं नाही. गोष्ट आधी असायला कोणी अडवलंय का? खाडिलकर शोधा की.

दोन_मुलांची_आई_घणसोली

माझं भांडण वेगळंच. २०२२मध्ये डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा सिनेमा बघायला गेलो. त्यातली बाई पोरांसाठी एवढी चवताळलीय का, काही कळेना. मोठ्या मुलानं सांगितलं, "आई, त्याआधी तिची मालिका बघायची असते." मालिका! नऊ भागांची! म्हणजे चार तिकिटं, चार पॉपकॉर्न, आणि वर घरून अभ्यास करून जायचं. पूर्वी शाळेतून आलेल्या मुलांना मी विचारायची गृहपाठ झाला का. आता मुलं मला विचारतात.

एकट्या नायकाचा सिनेमा बरा. सुरू होतो, संपतो, घरी येऊन कुकर लावता येतो.

कोपरी_पूर्व

ताई, हे मात्र खरं. माझाही तो गृहपाठ अर्धवटच राहिलाय.

दुसरा_थर

इथे सगळे बघणारेच बोलतायत. मी सहा वर्षं ठाण्यातल्या हंड्यांना थरात उभा राहिलोय, नावाप्रमाणे दुसऱ्या. दुसऱ्या थराला हंडी दिसत नाही. मान खाली, हनुवटी छातीला, समोरच्याच्या खांद्यावर घट्ट पकड, आणि वरून कोणाची तरी टाच मानेच्या बाजूला रुतलेली. वर काय चाललंय ते फक्त वजनावरून समजतं. वजन डावीकडे सरकलं की पोटात गोळा. हंडी फुटली हे कळतं कधी, तर अंगावर पाणी-दही आल्यावर. फोटोत आमच्या फक्त पाठी.

म्हणून मला त्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या टोळीतला धनुष्यबाणवाला हॉकआय आवडतो. बाजूला विजांचा देव, हिरवा राक्षस, आणि हा गडी मोजून बाण घेऊन आलाय. कोण काय म्हणेल याची फिकीर नाही, आपली जागा सोडत नाही. त्याचा एकट्याचा सिनेमा काढला असता तर मी गेलो नसतो, खोटं कशाला बोलू. पण त्या सगळ्यांत तो उभा आहे म्हणून त्याची किंमत कळते. बॅटमॅनचंही तेच. शक्ती नसलेला माणूस देवांच्या शेजारी उभा राहतो, तेव्हाच त्याची छाती दिसते. गॉथममध्ये चोरांना बडवताना काय दिसणार?

घंटाळीकर

हे वाचून दोन मिनिटं थांबलो. मान खाली आणि टाच रुतलेली, हे डोळ्यांपुढून जात नाही.

तरीही. २०१७च्या त्या सिनेमात बॅटमॅनला दुसऱ्या थरातही उभं केलं नव्हतं. त्याचं काम वर्गणी गोळा करणाऱ्याचं. या घरी जा, त्या गावी जा, येता का म्हणून विचारा. त्या सिनेमाचं पुढे काय झालं तेही बघा. दिग्दर्शक झॅक स्नायडरवर मुलीच्या मृत्यूचा आघात झाला, तो बाहेर पडला. जॉस व्हीडननं उरलेलं चित्रीकरण केलं, सुपरमॅनच्या नटाला दुसऱ्या सिनेमासाठी ठेवलेली मिशी काढता येईना म्हणून ती संगणकावर पुसली, आणि सगळं दोन तासांत कोंबलं. २०२१मध्ये स्नायडरचं मूळ रूप आलं ते चार तासांचं. म्हणजे निम्मा सिनेमा कापला गेला होता! चार तासांच्या रूपात सायबॉर्गला बाप आहे, दुःख आहे, घर आहे. दोन तासांच्या रूपात तो नुसता लोखंडी मुलगा. गर्दीत पहिल्यांदा कात्री लागते ती दुसऱ्या थरालाच.

दुसरा_थर

ते खरंय. पण मग चार तासांचा चालला की तुम्हाला. तोही एकत्रच होता.

वाशीखाडी

उशिरा आलो, माफी. तुमची ही भांडणं आमच्या वेताळानं, म्हणजे कॉमिकमधल्या फँटमनं, कधीच मिटवली आहेत.

नव्या पोरांसाठी: 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ते १९९०, टाइम्सवाले काढायचे, मराठीतही. आम्ही रद्दीच्या दुकानातून दोन दिवसांच्या बोलीवर भाड्यानं आणायचो. मुखपृष्ठ फाटलं तर अनामत गेली. त्यामुळे वाचताना हात धुऊन बसायचो, आणि शेवटचं पान आधीच कोणी फाडलेलं असलं की दुकानदाराशी तंटा. वेताळ डेंकालीच्या जंगलात, जादूगार मॅन्ड्रेक त्याच्या झनाडूत. दोघंही ली फॉक याच माणसाच्या डोक्यातून निघालेले, मॅन्ड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. हवं तर त्यानं दर महिन्याला दोघांना एकत्र नाचवलं असतं. नाही नाचवलं. वेताळाची कवटीची गुहा कवटीची गुहाच राहिली.

पण १९७७मध्ये वेताळ आणि डायनाचं लग्न लागलं, तेव्हा पाहुण्यांत मॅन्ड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार हजर! ते चित्र पाहिलं तेव्हा मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. म्हणजे हे एकमेकांना ओळखतात? इतकी वर्षं? आणि आपल्याला बोलले नाहीत?

माझा हिशेब एवढाच आहे. लग्नाला या. जेवा, आहेर द्या, फोटो काढा, आपापल्या घरी जा. एकत्र कुटुंब करू नका. एकत्र कुटुंबात न्हाणीघरावरून भांडणं होतात.

ट्रान्सहार्बर

काका, लग्नावर कंपनी चालत नाही. स्टुडिओला रोजची चूल लागते.

वाशीखाडी

मग चूल त्यांची, जेवायचं की नाही ते माझं.

नौपाड्यातली_नाट्यवेडी

वाशीखाडी, पाहुण्यांचं पटलं. तरी नोंद असावी, गंधर्व आणि केशवराव पाहुणे म्हणून आले नव्हते. रात्रभर गायले.

घंटाळीकर

काल भाचा आला होता. धागा त्याला थोडक्यात सांगितला, लग्नाचा भाग दोनदा सांगावा लागला. मग मी मुद्दाम विचारलं, "अरे, तुला खरंच बॅटमॅननं येऊन सुपरमॅनला मदत करायला हवी होती का?"

म्हणाला, "नाही. सुपरमॅन जिंकणारच होता. मला बघायचं होतं की तेव्हा बॅटमॅन काय करत होता."

म्हणजे त्याला गॉथमच बघायचं होतं. मी काय म्हणत होतो पहिल्या दिवसापासून?

कोपरी_पूर्व

थांबा थांबा. इकडे मेट्रोपोलिस फाटतंय, तिकडे गॉथममध्ये बॅटमॅन काहीतरी करतोय, आणि दोन्ही एकाच तिकिटात बघायचंय. यालाच एकत्र सिनेमा म्हणतात, घंटाळीकर. भाचा आमच्या बाजूला आला.

घंटाळीकर

दोघं भेटत नाहीत ना पण!

कोपरी_पूर्व

शेवटी भेटतील. बोटीवर.

जाता जाता, पुढच्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ची तारीख १८ डिसेंबर २०२६ जाहीर झालीय. बुकिंग उघडलं की मी काढणार आहे. तुमचं धरू की तत्त्वाला जागणार?

घंटाळीकर

दोन धरा. भाचा मधल्या खुर्चीवर. आणि पुढच्या तीन रांगा सोडून, माझी मान दुखते.

दुसरा_थर

मानेचं आम्हाला सांगताय?