बोटं गेली, भरपाईही मिळाली. पण कामावर परत कोण नेणार?

भोसरीकर

माझ्या मावसभावाची उजव्या हाताची दोन बोटं गेल्या वर्षी पॉवर प्रेसखाली गेली. उपचारांबद्दल तक्रार नाही. ईएसआयमधून (कामगार राज्य विमा) ऑपरेशन झालं, घरी होता तोवर पगाराच्या 90 टक्के दराने पैसे आले. उशिरा आले, पण आले. मेडिकल बोर्डाने 20 टक्के अपंगत्व लिहिलं. म्हणजे 15 हजार पगारवाल्याला त्या 90 टक्क्यांचे 20 टक्के, महिना 2,700 रुपये, जन्मभर.

घोळ त्यानंतर झाला. डॉक्टरांनी फिटनेस लिहून दिला. पण कशासाठी फिट? प्रेस चालवायला? पेटी उचलायला? कुणी विचारलं नाही. सुपरवायझर म्हणाला एचआरला भेट, एचआर म्हणाले तू ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणाला प्रेसवर उभा राहणार असशील तर ये. आणि याला त्या मशीनचा दणका ऐकला तरी घाम फुटतो. सात महिने झाले, घरीच आहे. मावशी म्हणते आळशी झालाय.

मलेशियात आपल्या ईएसआयसारखी पर्केसो आहे. त्यांनी 2007 पासून अशा कामगारांसाठी केस मॅनेजर नेमलेत. डॉक्टर, फिजिओ, मालक आणि कामगार या चौघांशी एकच माणूस बोलतो. कुठलं काम जमेल, किती तासांपासून सुरुवात करायची, ते ठरवून घेतो. ईएसआयने असे लोक का नेमू नयेत?

फिटर 72

विरोध. 31 वर्षं कारखान्यात काढली, हा केस मॅनेजर मी वेगळ्या नावाने पाहिलाय. आमच्या गेटवर बोर्ड होता, 'अपघाताविना इतके दिवस'. तो आकडा मोडू नये म्हणून प्लास्टर घातलेल्या माणसाला कंपनीच्या गाडीतून आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचे. त्याला 'लाइट ड्युटी' म्हणायचे. दिवसभर बसून पाय सुजायचा. घरी येऊन 'काय मग, बरं वाटतंय ना, सोमवारपासून या' म्हणणारे वेल्फेअरचे साहेब फार गोड बोलायचे. तुमचा केस मॅनेजर म्हणजे तेच साहेब, फक्त इंग्रजी नावाचे.

यारातीर

मी मेलबर्नला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, जखमी माणसांना कामावर परत नेण्याचंच काम करते. दोघांचंही पटतंय, म्हणून पंचाईत.

आमच्या व्हिक्टोरिया राज्यात मालकाला जखमी माणसाची नोकरी 52 आठवडे राखावी लागते. पहिले 13 आठवडे सरासरी पगाराच्या 95 टक्के, मग 80 टक्के, आणि 130 आठवड्यांनंतर बहुतेकांचे पैसे बंद. मी कामाच्या जागी जाऊन टेबलाची उंची मोजते, पेटीचं वजन करते. पहिल्या आठवड्यात 4 तासांचे तीन दिवस, दोन आठवड्यांनी पाच दिवस, असं वेळापत्रक डॉक्टरांकडून सही करून घेते. याने माणसं खरंच परत जातात. फार दिवस घरी बसलेल्याला परत नेणं सगळ्यात अवघड, हा माझाही अनुभव.

पण इथे भरपाईचे दावे सांभाळतात खासगी एजंट कंपन्या, आणि त्यांचे केस मॅनेजर वेगळे. राज्याच्या लोकपालांनी 2016 आणि परत 2019 मध्ये त्यांच्यावर अहवाल दिले. सोयीचं डॉक्टरी मत तेवढं उचलायचं, पैसे थांबवायचे, असे प्रकार सापडले. दावे बंद करण्यात एजंटांचा आर्थिक फायदा होता. तेव्हा फिटरकाकांचे साहेब इथेही आहेत.

लघुउद्योजक

माझ्याकडे 18 माणसं. ईएसआयचे 3.25 टक्के मी वेळेवर भरतो. वर हा मॅनेजर येऊन सांगणार, याला बसून काम द्या. कुठून देऊ? माझ्याकडे खुर्चीच दोन आहेत. मोठ्या कंपनीला स्टोअर, पॅकिंग, गेट असतं. सरकारी नोकरीत अपंगत्व आलं तर काढता येत नाही, 2016 चा कायदा आहे. एसटीचा चालक दुसऱ्या जागी घेतात. महामंडळाला परवडतं ते मला कसं परवडेल?

फिजिओताई

खुर्च्या दोन आहेत हे कळलं, पण दादा, तुम्हाला कुणी विचारलं तरी का? मी हाताचेच पेशंट बघते. पकड किती आली, चिमटीत काय धरता येतं, हे सगळं माझ्या फायलीत असतं आणि फायलीतच राहतं. एकदा न राहवून मीच एका शेठना फोन केला. म्हटलं प्रेस नको, पण माल तपासायला डावा हात पुरतो, मापाचं गेज डाव्या बाजूला लावा. वीस मिनिटांचं बोलणं. तो पेशंट अजून तिथेच आहे. हे माझं काम नव्हतं, आणि रोज मला जमणारही नाही.

दुसरं काम शिकायचं म्हटलं तर ईएसआय रोज 123 रुपये किंवा प्रशिक्षणाची फी देते. त्याला अपंगत्व किमान 40 टक्के लागतं. भोसरीकरांचा भाऊ 20 वर आहे. म्हणजे प्रेससाठी निकामी आणि प्रशिक्षणासाठी धडधाकट!

भोसरीकर

हे 40 चं माहीतच नव्हतं. फिटरकाका, म्हणूनच मालकाचा नको, ईएसआयचा माणूस म्हणतोय.

फिटर 72

ताईंनी केलं तसं असेल तर माझी ना नाही. पण तीन गोष्टी लिहून घ्या. दावे किती बंद केले त्यावर त्याचा पगार ठरता कामा नये. तपासणीच्या खोलीत डॉक्टर आणि पेशंट दोघंच. आणि मालकाला जो कागद जाईल त्याची प्रत कामगाराच्या हातात, मराठीत.

लघुउद्योजक, तुमच्यावर राग नाही. पण भोसरीकर, एक सांगा. ज्या प्रेसवर बोटं गेली तिला हात आत गेला की थांबवणारा सेन्सर बसवला का?

भोसरीकर

नाही. दुसरा पोरगा उभा केलाय तिथे.

फिजिओताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय.