घरी बांधलेल्या गाडीत ओम्नीचा मागचा ॲक्सल: पिनियनचा कोन किती ठेवू?

काटोलचा_बागाईतदार
मानेवाड्यात घरामागच्या शेडमध्ये दोन सीटची गाडी बांधून राहिलो आहे. चौकोनी पाइपची चासी, पुढे ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन आणि गिअरबॉक्स, मागे ओम्नीचाच डिफरन्शियलसकट (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गोळा) अख्खा ॲक्सल, पाट्यांवर. पासिंगचा विषय नाही, काटोलला आमच्या संत्र्याच्या बागेतच फिरवायची आहे.

पाट्यांच्या बैठकी ॲक्सलवर सध्या नुसत्या टॅक केल्यात, म्हणजे तात्पुरते टाके मारलेत. मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियलचं तोंड, म्हणजे पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो पुढचा दांडा), सरळ गिअरबॉक्सकडे रोख. मला काही ते पटत नाही. गिअरबॉक्सचं शेपूट ३ अंश खाली झुकलेलं आहे. पक्कं वेल्डिंग झालं की मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही, म्हणून आधी विचारतो.

हिंगणा_फिटर
दादा, थांबलात ते फार बरं केलंत. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या लांब शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट (वाकूनही फिरणारा सांधा) असतो. तो वाकून फिरला की एका फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढाच वाकलेला असला, तरच तो फरक तिथल्या तिथे मिटतो. रोखून ठेवलं तर सगळा वाक पुढच्या जॉइंटवर येईल आणि स्पीड धरला की गाडी थरथरेल. पिनियन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर पाहिजे. शेपूट ३ अंश खाली, तर पिनियनचं तोंड ३ अंश वर.

मात्र पाट्यांवरचा ॲक्सल जोर लागला की पीळ खातो आणि तोंड आणखी उचलतो. म्हणून उभ्या गाडीत १-२ अंश कमीच ठेवा. अन् मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. दोन्ही सीटच्या जागी सिमेंटची पोती टाका, पाटे बसू द्या, मग कोनमापक लावा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप माणसं बसली की बदलतं.

वेल्डिंग_शेड
वरचं सगळं बरोबर. वेल्डिंगआधी हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि ऑइल सील काढा. अर्थिंगचा चिमटा ॲक्सलच्या नळीवरच, जोडाच्या शेजारी लावा. चासीवर लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर डाग पाडतो. इंचभर टाका मारला की दुसऱ्या बाजूला जा. एका दमात ओढलं तर नळी वाकते, मग चाकं कधीच सरळ बसत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे शेडमध्ये उभं राहवत नाही हे मान्य, तरी थंड करायला पाणी अजिबात ओतू नका.

काटोलचा_बागाईतदार
पोती टाकून मोजलं. आता तोंड दीड अंश वर ठेवतो. अजून एक: शाफ्ट आखूड करावा लागणार. नुसता कापून जोडला तर चालेल का?

हिंगणा_फिटर
कापायच्या आधी नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ कोरून घ्या. जोडताना ती रेघ जुळलीच पाहिजे, म्हणजे दोन्ही टोकांचे योक (क्रॉस जॉइंट धरणारे दुबेळके) मूळ जागेवर येतात. ती सरकली तर कोनाची सगळी मेहनत वाया. गिअरबॉक्सकडचा सरकता योक पूर्ण आत ठोकून मग २०-२५ मिमी बाहेर ओढा आणि तेव्हा लांबी धरा, कारण खड्ड्यात ॲक्सल वर आला की शाफ्टला आत सरकायला जागा लागते. जोडल्यावर बॅलन्सिंग मशिनवर चढवल्याशिवाय गाडीला लावू नका. डिफरन्शियलमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेल घाला, आणि त्याचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं भोक) मोकळा आहे का ते बघा. तो बुजला की गरम तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये येतं.