एकटीने गाडी घेऊन घर शोधायला निघते आहे: सातारा की सांगली?

प्रश्न: ठाणेकरीण

नमस्कार. मार्चअखेर मी नोकरीतून निवृत्त होत असून पुढील आयुष्य सातारा किंवा सांगली जिल्ह्यात काढायचे ठरवले आहे. माहेर खटाव तालुक्यातले आहे, भाऊ तेथे शेती करतात. मात्र त्यांच्या शेजारी राहण्याचा विचार नाही. भांडण काही नाही, एकटे राहण्याची सवय झाली आहे इतकेच. डिसेंबरात रजा घेऊन, स्वतः गाडी चालवत, वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशा क्रमाने मुक्काम करत घर पाहावे, असा बेत आहे. दोन खोल्या, चालत जाण्याच्या अंतरावर भाजी व औषधे, जवळ बरे रुग्णालय एवढीच अपेक्षा आहे. झाडे लावण्यापुरती जमीन मिळाली तर आनंदच. एकटी बाई पाहून दलाल काहीही गळ्यात मारतील, अशी धास्ती वाटते. प्रत्यक्ष गेल्यावर नेमके काय पाहावे?

उत्तर: वाईकर

ताई, डिसेंबरात आमच्याकडचे प्रत्येक गाव राहण्याजोगे वाटते. धोम धरणात पाणी असते, ऊस उभा असतो, हवेत गारवा असतो आणि दलालही उत्साहात असतो. घर पाहायचे तर त्या गावाच्या वाईट दिवसांत पाहावे, आणि हे वाईट दिवस सगळीकडे एकाच महिन्यात येत नाहीत, ही या जिल्ह्याची खरी अडचण आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीने पडतो. म्हणून पाचगणी-मेढ्याकडचे घर जुलैअखेरीस पाहा आणि भिंतीतल्या कपाटाच्या आतल्या पाठीवरून हात फिरवा. ओल व बुरशी बाहेरच्या रंगाखाली झाकता येते, तेथे सहसा कोणी झाकत नाही. वडूज-दहिवडीकडे मात्र मे महिन्यात जा. तेथे ‘पाणी आहे का’ असे विचारू नका, कारण सगळेच ‘आहे’ म्हणतात. नळाला शेवटचे पाणी कोणत्या वारी आले, हे विचारा, आणि तेही मालकाला नव्हे, शेजारणीला.

उत्तर: मिरजवाला

रुग्णालय हाच पहिला निकष असेल, तर मिरजेला तोड नाही. रेल्वे जंक्शनही हाताशी आहे. सांगलीत मात्र आधी कृष्णेचा विचार करावा लागतो. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेले होते. गावभागात किंवा कर्नाळ रस्त्याकडे घर पाहताना विजेचा मीटर किती उंचीवर बसवला आहे, ते पाहा. तो छातीच्या वर सरकवलेला दिसला, तर तेथे पाणी कुठवर आले होते, हे वेगळे विचारायला नको. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते व लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर त्यांच्या आत येते का, याची महापालिकेत चौकशी करावी. विश्रामबागेकडचा भाग तुलनेने उंचावर आहे, पण भाडेही त्याच हिशेबाने आहे.

उत्तर: सातबारा

वाईकरांचे म्हणणे पटते, पण निवृत्तीनंतर बाईंनी मे आणि जुलै अशा फेऱ्या मारत बसण्यापेक्षा एखादे वर्ष भाड्याने राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बारा महिने आपोआप पाहून होतील. करार मात्र नोंदणीकृतच करावा. भाडे नियंत्रण अधिनियम 1999 नुसार नोंदणी बंधनकारक असून ती करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

जमिनीबाबत एक गोष्ट. कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘पुढे एनए (बिगरशेती) होईल’ या तोंडी आश्वासनावर म्हणूनच एक रुपयाही देऊ नये. आपले माहेर शेतकऱ्याचे आहे. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागले आहे का, हे निघण्यापूर्वीच तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन तपासून घ्या, कारण नाव असेल तर ही अडचण बहुधा उरणार नाही. भावांशी त्याबद्दल आधी बोललेले बरे.

उत्तर: मिरजवाला

डिसेंबरातच निघणार असाल, तर आणखी एक सांगतो. तेव्हा गळीत हंगाम चालू असतो आणि कऱ्हाडच्या पुढे रात्री उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, ज्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा.