डेडवुडची दफनभूमी: मृत्यूचे वर्ष आणि दफनाची जागा

प्रश्न
अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या डेडवुड या लहानशा गावाच्या आद्य वसाहतकारांच्या दफनभूमीचा इतिहास मी वाचतो आहे. माउंट मोरिया ही दफनभूमी १८७८ च्या सुमारास सुरू झाली असे सांगतात. परंतु तेथील सर्वांत प्रसिद्ध थडगे ज्याचे आहे, तो प्रसिद्ध बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक २ ऑगस्ट १८७६ रोजी पत्त्यांच्या डावात बसलेला असताना पाठीमागून गोळी घालून मारला गेला. मग मधल्या काळात त्याचा देह कोठे होता?

उत्तर १
इंगलसाइड येथे. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी १८७६ मध्ये डेडवुडची अरुंद घळ भरून गेली, तेव्हा मृतांना उताराच्या खालच्या भागात, इंगलसाइडच्या जमिनीत पुरले जाई. गाव वाढले, घरांना जागा हवी झाली आणि थडगी वरच्या टेकडीवर हलवण्यात आली. हिकॉकचे थडगे १८७९ मध्ये हलले. हिकॉकच्याच मृत्यूच्या महिन्यात, २० ऑगस्ट १८७६ ला, मारले गेलेले धर्मोपदेशक हेन्री वेस्टन स्मिथ यांचेही असेच झाले. मात्र सगळेच वर गेले असे समजू नये. २०१२ मध्ये त्या भागात संरक्षक भिंत बांधताना मानवी अस्थी सापडल्या, त्या अशाच मागे राहिलेल्या थडग्यातल्या होत्या.

उत्तर २
यात चिनी रहिवाशांची थडगी विसरू नयेत, कारण त्यांच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला. मृताच्या अस्थी मायभूमीत विसावाव्यात या श्रद्धेने त्या काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून चीनला पाठवल्या जात. त्यामुळे माउंट मोरियावर आज चिनी थडगी मोजकीच आढळतात, आणि त्यावरून डेडवुडमध्ये चिनी वस्ती नगण्य होती असा निष्कर्ष काढणे सरळसरळ चुकीचे ठरेल.

उत्तर ३
दगडांवरही फार विसंबू नका. हिकॉकच्या थडग्यावरील पूर्वीची स्मारके आठवण म्हणून तुकडे फोडून नेणाऱ्या पर्यटकांनी इतकी विद्रूप केली की ती बदलावी लागली. १९०३ मध्ये वारलेली, सीमाप्रदेशातील धाडसी स्त्री म्हणून गाजलेली कॅलॅमिटी जेन त्याच्या शेजारीच पुरलेली आहे. डेडवुडचा आरंभीचा शेरीफ सेथ बुलक याचे थडगे मात्र सर्वांपासून दूर, बराच चढ चढून गेल्यावर भेटते. आणखी एक गोष्ट, जी या वर्णनांत बहुधा गाळली जाते: १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहानुसार ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागाचा हा प्रदेश लाकोटा या मूळनिवासी लोकांसाठी राखीव होता. ‘आद्य’ हा शब्द वापरताना तेवढे भान असावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आता दफनांच्या यादीतील १८७६ आणि १८७७ मधील मृत्यू मी वेगळे काढतो, कारण माउंट मोरिया ही त्यांची पहिली जागा असूच शकत नाही. ‘आद्य’ या शब्दाविषयीची सूचनाही रास्त आहे. माझ्या टिपणात तो सुधारून घेतो.