लायसन नसताना ठोकलं, तरी कंपनीने पैसे का भरायचे?

तापीकाठ (भुसावळ):
"पोराकडे लायसन नाही, बाईकने माणूस उडवला, तरी कोर्टाने विमा कंपनीला पैसे भरायला लावले, हा आपल्या प्रीमियमवर दरोडा" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. अरे भो, रस्त्याने चाललेल्याने समोरच्याचं लायसन तपासून मरायचं का? थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, सक्तीचा आहे तोच मुळी त्याच्यासाठी. २००४ च्या स्वर्णसिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नुसतं लायसन नाही म्हणून कंपनी सुटत नाही, मालकाने हयगय केली हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि ते झालं तरी आधी द्या मग मालकाकडून वसूल करा असं ट्रिब्युनल, म्हणजे अपघात भरपाईचं कोर्ट, म्हणू शकतं.

एरंडोलकर:
वसूल करा म्हणे! बापाची दोन एकर कपाशी, त्याच्याकडून काय बोंडं वसूल करणार? शेवटी भरतो मीच, १२५ सीसीच्या बाईकला थर्ड पार्टीचे वर्षाला ७१४ रुपये.

तापीकाठ:
तो दर सरकार ठरवतं, २०२२ पासून तोच आहे. दरोडा पडला कुठे?

फैजपूरवाली:
तुम्ही लायसनवर भांडा. आमच्याकडे रात्री ट्रॉल्या उभ्या, ना लाईट ना रेडियम. मावसभाऊ मागून घुसला, पाय गेला. ट्रॅक्टरचा विमा शेतीचा, ट्रॉलीत विटा, कंपनीने हात वर केले, केस अजून चालूच.

चोपडेकर:
ताई, शेतकऱ्यावर घसरू नका. माझ्या ट्रॉलीला रेडियम आहे. पोरं बिनहेल्मेट सुसाट येतात ते पण लिहा.

फैजपूरवाली:
तो चाळीशीचा शिक्षक आहे, हेल्मेट होतं. तुमच्या एका ट्रॉलीने सगळा रस्ता उजळला का?

चोपडेकर:
विटा वाहणारा भट्टीवाला, शेतकरी नाही!!

फैजपूरवाली:
मग शेतीचा विमा कसा काय काढतो तो?

साक्रीकर:
मागे बसणाऱ्याचं कोणीच बोलत नाही. शालक माझ्या गाडीवर मागे होता, गाडी घसरली, त्याचा खुबा मोडला, कंपनी म्हणे नुसती थर्ड पार्टी आहे, मागे बसलेला त्यात येत नाही. वकिलाने पण तेच सांगितलं, पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचाही विमा, असती तर मिळाले असते. काढताना एजंट काय म्हणाला, "सगळं कव्हर आहे दादा".

एरंडोलकर:
एजंटांबद्दल मान्य. बाकी काहीच मान्य नाही.

तापीकाठ:
एवढं मान्य केलंत, पेढे वाटतो. आणि कोणाचा क्लेम बाकी असेल तर लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला ६ महिन्यांची मुदत आहे, पंचनामा मिळेल तेव्हा बघू म्हणत बसू नका.

चोपडेकर:
रेडियमवर बोलणाऱ्यांनी हायवेच्या खड्ड्यांवर पण एकदा तोंड उघडावं.

फैजपूरवाली:
खड्ड्यात ट्रॉली तुमचीच पलटी होईल हो, रेडियमसकट.