मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या मुलीला मराठी अक्षरं खेळातून कशी शिकवायची?

नमस्कार. आम्ही नागपूरला, त्रिमूर्ती नगरच्या बाजूला राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, जूनपासून शाळेत जाईल. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे ए बी सी डी होईलच, त्याची काळजी नाही. मराठीची आहे. २०२० च्या कायद्यामुळे आता सगळ्याच शाळांत पहिलीपासून मराठी शिकवावी लागते, म्हणजे विषय म्हणून ती समोर येणारच. पण पुस्तक आणि परीक्षा यांच्यासोबत तिची पहिली भेट होऊ नये, त्याआधी घरातच ओळख व्हावी, असं मला मनापासून वाटतं. घरात आम्ही सगळे मराठी बोलतो. खाली खेळायला गेली की मात्र सगळी पोरं हिंदीत, आणि वर आली की तीसुद्धा दहा मिनिटं हिंदीतच सांगत राहते. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

अडचण अशी आहे. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं ती चालीवर धडाधड म्हणून दाखवते. पाहुणे आले की कौतुक होतं. पण मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं तर गप्प. तक्त्यावरचं चित्र हाताने झाकलं तर काहीच ओळखत नाही. म्हणजे तिला गाणं येतं, अक्षरं येत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं, पाटी दे आणि गिरवून घे. त्यांनी आपल्या तिन्ही मुलांना असंच शिकवलं, तिघंही उत्तम वाचतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण ही पेन्सिल अख्ख्या मुठीत धरते, दोन रेघा ओढते आणि उठून जाते. जबरदस्ती केली तर पाटी दिसली की पळेल, ही भीती वाटते.

त्यात मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकला की अकरा ते सहा बाहेर काढायची सोय नाही. दुपारभर कूलरसमोर बसून पोरगी मोबाइल मागत राहते. अ‍ॅपवरून शिकवायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं आहे. फ्रिजवर चिकटवायची चुंबकाची अक्षरं सीताबर्डीत शोधली, इंग्रजीचीच मिळाली.

तर जाणकारांनी सांगावं: सुरुवात स्वरांपासून करावी की व्यंजनांपासून? एका वेळी किती अक्षरं घ्यावीत? लिहायला कधी बसवावं? आणि घरातल्या घरात, दुपारी, खेळ म्हणून काय करता येईल? इंग्रजी आणि मराठी अशा दोन लिप्या एकदम सुरू झाल्या तर गोंधळ होईल का?

प्रतिसाद १

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, आता निवृत्त आहे. तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. वर्णमाला तोंडपाठ असणं आणि अक्षर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्रमाने म्हणण्याचा उपयोग पुढे शब्दकोश बघताना होतो. वाचायला शिकताना फारसा होत नाही.

अक्षराच्या आधी आवाज घ्या. पाटी-पुस्तक काही नको. स्वयंपाक करताना म्हणा, "मला इथे 'प'ने सुरू होणारं काहीतरी दिसतंय." पोळी, पाणी, पंखा, पातेलं, पापड, तिला जे सुचेल ते. मग तिची पाळी, तुम्ही ओळखायचं. मुद्दाम कधी चुकीचं उत्तर द्या, मुलांना आपल्याला दुरुस्त करायला फार आवडतं. शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढता आला की अक्षर शिकणं निम्मं सोपं होतं, कारण आवाज आधीच ओळखीचा असतो, त्याला फक्त चेहरा द्यायचा असतो.

आता क्रम. आपल्याकडे पूर्वीपासून 'ग म भ न' असं शिकवत आले, ते उगाच नाही. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे, वळणं सोपी आहेत, हाताला एकातून दुसरं सुचतं. त्यात 'र' मिळवा. ग, म, न, र एवढ्या चार अक्षरांत, एकही काना-मात्रा न लावता, नगर, मगर, गरम, नरम हे शब्द तयार होतात. मुलाला चार अक्षरं आली आणि त्याने खरा शब्द वाचला, की त्याचा चेहरा बघा! अ आ इ ई पासून सुरू केलं तर असा शब्द हाती लागायला फार वेळ जातो. म्हणून स्वर नंतर. फक्त 'अ' आणि 'आ' मधे घेतले तरी चालतील, 'आई' आणि 'आजी' साठी. 'ऋ' आणि 'ङ', 'ञ' यांची तर सध्या आठवणही काढू नका.

तिच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र सगळ्यांत आधी. ते क्रमात बसत नसलं तरी.

एका वेळी दोन-तीन अक्षरं पुरेत, आणि ती दिसायला वेगळी हवीत. घ आणि ध, ब आणि व, प आणि ष, ट-ठ-ढ या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. मोठ्या माणसांचाही घ-ध मध्ये डोळा चुकतो, ती तर लहान आहे.

लिहिण्याची घाई नको. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, आणि त्रिकोण जमायला पाचवं उजाडतं. आपल्या अक्षरांत गोल, तिरप्या आणि उभ्या रेघा सगळं एकत्र असतं. मुठीत पेन्सिल धरते म्हणजे तिच्या बोटांना अजून ताकद यायची आहे. ती ताकद कणकेने येते, वाटाणे सोलून येते, कपड्यांचे चिमटे लावून येते. नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचं वय सहा धरलं आहे. तुमच्या हातात भरपूर वेळ आहे.

सासूबाईंना नाराज करू नका. त्यांच्याकडे गिरवण्याचंच काम द्या, फक्त पाटीऐवजी ताट द्या. ताटात रवा पसरायचा, आजीने बोट धरून 'ग' काढायचा, ताट हलवलं की पाटी कोरी. रांगोळीही चालते, पण डोळ्यांत जाते, म्हणून रवा बरा. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी चाचपून घेतात, त्यामागचा विचार हाच आहे: डोळ्यांसोबत हातालाही अक्षर कळावं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो, तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. चुंबकाच्या अक्षरांची गरजच पडणार नाही. वळणाची दिशा मात्र पहिल्यापासून बरोबर दाखवा आणि शिरोरेषा शेवटी.

दोन लिप्यांनी गोंधळ होत नाही. मुलं दोन भाषा बोलतात तशा दोन लिप्याही वेगळ्या ठेवतात. एकाच बैठकीत दोन्ही घेऊ नका, एवढं पाळा.

प्रतिसाद २

ताई, आमच्या मुलाला याचा फार उपयोग झाला म्हणून लिहितो. वरच्या बाईंनी 'नगर' शब्द सांगितला, तर आपल्या मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आठवा. लोकमान्य नगर, बन्सी नगर, वासुदेव नगर, सुभाष नगर, शंकर नगर, आणि दुसऱ्या टोकाला प्रजापती नगर. स्टेशनांच्या पाट्या देवनागरीतही आहेत. न, ग, र एवढी तीन अक्षरं आली की मूल या सगळ्या पाट्यांवरचं 'नगर' वाचतं! आमचा तर डब्यात उभा राहून ओरडायचा. गाडी थंडगार असते, मे महिन्यातही नेता येतं. तुम्हाला तर सुभाष नगर जवळच पडेल.

दुसरं, अननसाचा तक्ता काढून टाका आणि घरचा तक्ता करा. आम्ही 'अ अजनीचा, इ इतवारीचा, ख खामल्याच्या मावशीचा, फ फुटाळ्याचा, म महालातल्या आजोबांचा' असा केला. जिथे नातेवाईक आहेत तिथे त्यांचा फोटो. तो तक्ता त्याने पाठ केला नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तो जाऊन आलेला होता.

प्रतिसाद ३

मी आजी आहे, नातवंडं सांभाळते. दुपारी काय करायचं विचारलं ना, तर कणकेचा गोळा द्या हातात. साप करायला लावा, मग तो साप वळवून 'र' करा. पोळ्या लाटताना शेजारी बसली की तिचं तिचं करत राहते. आमच्या घरी भाजी आली की टोपलीवर चिठ्ठ्या ठेवायचा खेळ चालतो. 'स' सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी, 'ग' गाजर, 'म' मुळा, 'भ' भेंडी. बाजारातून पिशवी आली की पोरं चिठ्ठ्या घेऊन धावतात. चुकलं तर रागवायचं नाही, पुन्हा चिठ्ठी हातात द्यायची.

आणि संध्याकाळी गच्चीवर जाता ना, तर बादलीभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश द्या. गच्ची तापलेली असते, पाण्याने काढलेलं अक्षर बघता बघता वाळून जातं. वाळायच्या आत ओळखायचं. आमच्या इथे यावरून भांडणं होतात, एवढा आवडता खेळ आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. रव्याचं ताट सासूबाईंनी लगेच मनावर घेतलं. आता दुपारी त्या दोघी खाली सतरंजीवर बसतात आणि मला तिथे यायला परवानगी नसते. 'ग' आणि 'र' ती कुठेही ओळखते, दुधाच्या पिशवीवरसुद्धा. मेट्रोने शंकर नगरला जाऊन आलो, आधी 'र' सापडला, मग 'न', आणि परतताना तिचं तिनेच 'नगर' वाचलं. मला तिथेच भरून आलं.

दोन शंका राहिल्या. एक, आवाजाच्या खेळात 'ळ' आणि 'ण' कसे घ्यायचे? त्यांनी सुरू होणारे शब्दच सुचत नाहीत. आणि खाली हिंदी बोलून बोलून 'शाळा'ची 'शाला' होते आहे. दुसरं, रव्यात ती डाव्या हाताने काढते. सासूबाई हळूच उजवा हात पुढे करतात. करू द्यावं का?

प्रतिसाद ४ (पहिल्या प्रतिसादातल्या बाई)

'ळ' आणि 'ण' साठी खेळ उलटा करा. पहिला आवाज न विचारता शेवटचा किंवा मधला विचारा: "ज्यात 'ळ' ऐकू येतो असं काय काय आहे?" केळं, फळ, बाळ, डोळा, काळा, शाळा. 'ण' साठी पाणी, बाण, वाटाणा, दाणा. 'शाला' म्हणाली तर "असं नाही म्हणायचं" म्हणू नका, तुम्ही तोच शब्द वाक्यात बरोबर म्हणा: "हो, शाळा जूनमध्ये सुरू होणार." जीभ मागे वळवून 'ळ' म्हणायचा आरशासमोर खेळ करा, तोंडात जीभ कुठे जाते ते बघायला मुलांना मजा येते. हा आवाज बऱ्याच मुलांना उशिरा जमतो, त्यात हिंदीचाच दोष असतो असं नाही.

एक आधीच सांगून ठेवते. 'च' आणि 'ज' ला मराठीत दोन आवाज आहेत. चाक आणि चिमणी, जादू आणि जिना. सुरुवातीला एकाच आवाजाचे शब्द घ्या, दुसरा तिच्या बोलण्यात आला की सहज दाखवा. समजावून सांगायची गरज नाही, बोलताना तिला दोन्ही येतातच.

डावा हात अजिबात बदलू नका. सासूबाईंना माझ्यातर्फे हात जोडून सांगा. या वयात हात हळूहळू ठरत असतो; तो ज्या बाजूला जातो आहे तिकडे जाऊ द्यावा. पुढे कागदावर आली की कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकवा, म्हणजे स्वतःच्याच हाताखाली अक्षर झाकलं जाणार नाही. आत्ता रव्याच्या ताटात आजीने तिच्या डाव्या बाजूला बसावं आणि स्वतःही डाव्या बोटाने काढून दाखवावं. आजीला आधी अवघड जाईल, पण दोघींनी मिळून शिकायला काय हरकत आहे? पुढचं अक्षर 'म' घ्या, म्हणजे 'मगर' आणि 'गरम' दोन्ही लगेच वाचेल.