मदत हवी आहे: पॉलिशिंगची सेरियम पावडर आणि लांबलेली पाळी

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षं लेन्स पॉलिशिंगच्या विभागात आहे. आमची पावडर मुख्यतः सेरियम ऑक्साइडची, फिकट गुलाबी-विटकरी. पाण्यात कालवलेली असते तोवर काही त्रास नाही. पण शिफ्ट संपताना ट्रेच्या कडेला तिचे पापुद्रे वाळतात आणि कुणीतरी ते कोरड्या ब्रशने झाडतं. मग उजेडाच्या तिरिपेत काय काय तरंगतंय ते दिसतं. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी.

आम्ही मुलाचा विचार करतोय. पाळी अगदी तारखेला यायची, ती आता सात-आठ महिने चाळीस-चाळीस दिवसांवर गेलीय. नेटवर शोधलं आणि झोप उडाली. उंदरांच्या माद्यांना लँथेनम-सेरियमचे क्षार दिले तर अंडाशयाला इजा होते म्हणे. त्यात भर म्हणजे चार महिन्यांपूर्वी माझा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय झालाय. त्यातलं गॅडोलिनियमही सेरियम-लँथेनमच्याच धातूकुळातलं निघालं! काम सोडू का? रक्तात सेरियम तपासून काही कळेल का? विभागात कुणाला विचारायची सोय नाही, लगेच "बाई घाबरली" होतं.

प्रतिसाद १
ताई, कामगार आरोग्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. उंदरांना बहुतेक वेळा विरघळणारे क्षार देतात, तेही मोठ्या मात्रेत. तुमचं ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे तुम्हाला लागू होत नाहीत. भीती मात्र अगदीच हवेतली नाही. या धातूंचे आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळचे असल्याने पेशीत कॅल्शियमची वाट अडवू शकतात, आणि बीजांड पक्व व्हायला कॅल्शियमचे संकेत लागतात. तरी माणसांतला पुरावा तोकडा आहे. या धुळीचा पक्का माहीत असलेला धोका फुफ्फुसांना आहे, म्हणून तो कोरडा ब्रश आधी बंद करा. ओल्या फडक्याने पुसा, चांगला मास्क लावा, कामाचे कपडे घरी आणू नका.

गॅडोलिनियम मूत्रपिंड ठीक असेल तर बहुतांश एका दिवसात लघवीवाटे जातं, थोडा अंश हाडांत आणि मेंदूत राहू शकतो. ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचतं, म्हणून गरोदरपणी अगदी गरज असेल तरच देतात. तुमचा एमआरआय आधीच झालाय, तरी डॉक्टरांना सांगून ठेवा.

रक्तातल्या सेरियमच्या आकड्यावरून अंडाशयाचं काहीच ठरवता येत नाही, पैसे वाचवा. पाळी लांबण्याची नेहमीची कारणं आधी बघा: गर्भचाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. सगळा दोष पावडरीवर टाकून थायरॉइड राहून गेलं, असं मी पाहिलंय.

प्रतिसाद २
पावडरीची सेफ्टी डेटा शीट (पावडरीत काय आहे, धोके काय, हे लिहिलेला कागद) मागा. ती द्यायला कुणी कुरकुरलं तर लेखी मागा.

धागाकर्ती
आभार. गर्भचाचणी नकारात्मक आली, उद्या बाकीच्या तपासण्या. शीट मिळाली, पण त्यात सेरियमच्या जोडीला लँथेनम आणि प्रासिओडिमियमही लिहिलंय. दादा, मजकूर इथे टाकला तर जरा बघाल का?